टक्केमामा आणि चरबीचा चिमटा

टक्केमामा माणसाला नमस्कार करण्याआधी चिमटा काढत. हात जोडणं, खांद्यावर थाप मारणं, "काय म्हणता" विचारणं हे सगळं नंतर. आधी त्यांचा उजवा हात समोरच्याच्या कमरेच्या वर, बरगडीच्या खाली कुठेतरी जाई, अंगठा आणि तर्जनी यांत शर्टासकट एक घडी पकडली जाई, आणि डोळे अर्धवट मिटून मामा म्हणत, "बावीस." मग घडी सोडून, "बाकी काय, घरचे बरे ना?" बावीस म्हणजे तुमच्या अंगाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस भाग चरबी. ज्याला हे ठाऊक नसे तो माणूस गोंधळून हसे. एका नव्या जावयाला वाटलं, ही सासरकडची काही रीत असावी. त्यानं उलट मामांनाच चिमटा काढला. मामा एवढे खूश झाले की त्यांनी त्याला विचारलं, "तुम्हाला किती वाटले माझे?"

बायकांच्या बाबतीत ते लांबून बघत आणि तोंड बंद ठेवत. हा नियम मामींनी घालून दिला होता. कुठलीही खातरजमा न करता मामांनी मान्य केलेला तो एकमेव नियम असावा.

त्यांचं खरं नाव चाळीत फक्त पोस्टमनला माहीत होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी उल्हासनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो आणि अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा ते नुसते 'मामा' होते. 'टक्के' पुढे माझ्यादेखत चिकटलं. कारखान्यात ते तपासणीला होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापात बसतो का बघायचं, बसला तर पुढे, नाही बसला तर त्यावर लाल ठिपका. वर्षानुवर्षं हे काम केलं की माणसाचे कान बदलतात. चाळीत कोणी म्हणालं, "यंदा उकाडा फार," की मामा विचारत, "किती?" कोणी म्हणालं, "त्या पुढाऱ्याचं भाषण संपता संपेना," की मामा विचारत, "घड्याळ लावलं होतं का?" आधी माप, मग मत, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडे. मी ज्या मंडळींत वावरत होतो, तिथे माप घेणाऱ्यापेक्षा मत देणाऱ्याला मान जास्त होता.

पण टक्के मोजायला त्यांनी गंमत म्हणून घेतले नव्हते. त्यामागे त्यांचे थोरले भाऊ होते. दादांनी गाव सोडून अंबरनाथ गाठलं, कारखान्यात चिकटले, मग धाकट्या भावाला आणून शिकवलं आणि नोकरीला लावलं. वस्तीतल्या बुद्धविहारामागे पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा काढली तीही दादांनीच. "गावात मान खाली घालून चालायची सवय लागलेय, ती आधी पाठीतून काढायची," असं ते पोरांना सांगत. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमवाल्यांच्या पुढे दादा चालायला लागले की रस्ता अरुंद वाटायचा, असं जुनी माणसं सांगत. मी त्यांना पाहिलं नाही. मी येण्याच्या आदल्या वर्षी ते व्यायामशाळेतून घरी आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि मामी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

डॉक्टर आले, त्यांनी दादांच्या देहाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अंग किती सुटलं होतं बघा. हृदयावर ताण येणारच."

"दादांचं अंग सुटलेलं नव्हतं," मामा म्हणाले, "भरलेलं होतं."

"आता काय फरक पडतो?" डॉक्टर म्हणाले.

फरक मामांना पडत होता, कारण मामांचा बांधा हुबेहूब दादांचा. तेच खांदे, तीच मान, तेच पोट. त्यांनी मला एकदा सरळच सांगितलं, "सर, हे मांस असेल, तर दादा दुसऱ्या कशानं तरी गेले आणि मी वाचलो. ही चरबी असेल, तर मी त्याच पायरीवर बसायला चाललोय. आता हे कळायचं कसं? काटा दोघांचं वजन सारखंच दाखवतो." मग म्हणाले, "मला दादांच्या वयाच्या पुढे जायचंय. बाकी काही नको."

स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राचा त्यांना राग होता तो यासाठी. नाणं टाकलं की लाल दिवे फिरत आणि तिकीट पडे; एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मामा म्हणत, "पुढचं सांगतं, मागचं सांगतं, पण आत काय आहे ते सांगत नाही."

आत काय आहे ते सांगणारी गोष्ट त्यांना उल्हासनगरच्या एका रद्दीच्या दुकानात सापडली. शरीरसौष्ठवाचं जुनं अमेरिकन मासिक होतं. मुखपृष्ठावर तेल चोपडलेला एक राक्षस हसत होता. मामांनी ते माझ्यापुढे टाकलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं. चित्रात एका माणसाच्या पोटाची घडी एका चिमट्यात पकडलेली होती. "हे काय म्हणतात वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. लेखात घरच्या घरी चरबी मोजायच्या दोन रीती होत्या. एक पाण्याची: माणसाला पाण्यात पूर्ण बुडवायचं, किती पाणी सांडलं त्यावरून त्याचं आकारमान काढायचं आणि वजनाशी ताडून बघायचं. चरबी हलकी, मांस जड, त्यामुळे हिशेब लागतो. दुसरी रीत चिमट्याची: कातडीच्या घड्यांची जाडी मोजायची आणि कोष्टकात बघायची. पहिली रीत पूर्ण छापलेली होती. चिमट्याचं कोष्टक मात्र मागच्या पानावर होतं आणि ते पान कोणीतरी फाडलं होतं. बहुतेक त्यात भजी गेली असावीत.

दुसऱ्या कोणी मासिक परत रद्दीत टाकलं असतं. मामा म्हणाले, "कोष्टक गेलं तर गेलं. आपण आपलं बनवू. आधी माणसं पाण्यात बुडवायची, त्यांचा खरा टक्का काढायचा, मग त्याच माणसांना चिमटा लावायचा. दोन्ही आकडे शेजारी मांडले की झालं कोष्टक." मी म्हणालो, "मामा, अमेरिकेत हे विद्यापीठं करतात." मामा म्हणाले, "मग त्यांनी पान नीट शिवायचं होतं."

चिमटा बनवायला आम्ही नारीशेठकडे गेलो. उल्हासनगरात त्यांचा छोटा कारखाना होता. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे, उंदराचे सापळे, चहाच्या गाळण्या असा माल ते काढत. मामांनी मासिकातलं चित्र त्यांच्यासमोर धरलं.

"साईं, ये कायका चिमटा? पापड का?"

"चरबी का."

नारीशेठनी आपल्या पोटाकडे बघितलं. "फिर ये छोटा पडेगा."

पण माणूस हौशी होता. त्यानं प्लास्टिकचे दोन जबडे काढून दिले, त्यावर मामांनी कारखान्यातल्या सवयीनं बारीक रेघा आखल्या. अडलं ते स्प्रिंगवर. नारीशेठनी पहिली स्प्रिंग लावली ती उंदराच्या सापळ्याची. मामांनी ती माझ्या दंडाच्या मागच्या बाजूला लावून बघितली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला विचारण्यात आलं की कुत्रं पाळीव होतं की रस्त्यावरचं. दुसरी स्प्रिंग कपड्यांच्या चिमट्याची. ती एवढी मऊ की घडी पकडण्याऐवजी कुरवाळत बसे. शेवटी बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधली एक स्प्रिंग बरोबर बसली. मामा रोज तिला साखरेचा डबा टांगून तिचा ताण तपासत. "चिमटा सगळ्यांना सारखाच चावला पाहिजे, सर," ते म्हणत. "ओळखीच्याला हळू, परक्याला जोरात, असं करून चालणार नाही." हे वाक्य मला पुढे कैक सरकारी कचेऱ्यांत आठवलं.

मग आला पिंपाचा रविवार. आमच्या चाळीत पाणी सकाळी येई आणि फार वेळ थांबत नसे. त्या मोलाच्या वेळात मामांनी मधल्या चौकात लोखंडी पिंप काठोकाठ भरलं. चाळीतले आम्ही सहासात पुरुष चड्ड्यांवर रांगेत उभे. प्रत्येकाचं वजन लाकडाच्या वखारीच्या काट्यावर आधीच करून घेतलेलं. एकेकानं पिंपात उतरायचं, डोकं पाण्याखाली न्यायचं, बाहेर यायचं, आणि मग पिंप पुन्हा काठोकाठ भरायला किती लिटर पाणी लागलं ते मापानं मोजायचं. मामी दारात हंडा घेऊन उभ्या होत्या.

"बारवीचं धरण ह्यांच्या चरबीसाठीच बांधलंय जणू," त्या म्हणाल्या.

"सांडलेलं पाणी कपड्यांना घ्या ना," मामा म्हणाले.

"सहा पुरुष बुडालेलं पाणी? कपडे आहेत ते, ओवाळून टाकलेत काय?"

पहिला मी उतरलो. त्या काळी माझ्या बरगड्या बनियनमधून मोजता येत. मामांनी आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि खाली मान घालून म्हणाले, "निम्म्याहून जास्त चरबी." चौकात जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो. "सर, लपवून खाता काय?" असं कोणीतरी विचारलं. पण मग पुढचेही तसेच निघाले. वखारीत लाकडं फोडणारा, ज्याच्या दंडाकडे पोरं आदरानं बघत, तोही निम्मा चरबीचा. हसणं थांबलं. "मासिक फालतू आहे," हा निकाल सर्वानुमते लागला.

मामांनी तो मानला नाही. ते ओल्या चड्डीवर पिंपाकडे बघत उभे राहिले. राग नाही, ओशाळलेपण नाही, नुसतं कुतूहल. "मासिक खोटं असेलही," ते म्हणाले, "पण सगळे एकाच बाजूला चुकतायत. म्हणजे चूक आपली आहे. कुठली, ते शोधायचं."

चूक मामींनी काढली, तीही चिडून. आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या नदीत पोहायला शिकलेलो, आणि तिथला पहिला धडा एकच: छाती भरून घे, गाल फुगव, मग बुडी मार. पिंपातही प्रत्येकानं तेच केलं होतं. मामी हंडा उचलताना म्हणाल्या, "एवढा वारा पोटात भरून बुडी मारली तर फुगा होणार नाही तर काय. वारा म्हणजे काय चरबी आहे?"

मामांनी कपाळावर हात मारला आणि मामींकडे अशा कौतुकानं बघितलं की त्या लाजून आत गेल्या. श्वास पूर्ण सोडून बुडायचं, ही सूचना मासिकात होतीही. चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. चित्राखालचं कोण वाचतो?

पुढच्या रविवारी आम्ही श्वास सोडून बुडालो. हे बोलायला सोपं आहे. छाती रिकामी करून पाण्याखाली गेलं की सगळं अंग वर पळायला बघतं. लाकूडफोड्याला जमलं नाही, तो शिव्या देत बाहेर आला. मी कसाबसा टिकलो आणि माझा आकडा माणसात आला. शेवटी मामा उतरले. आधीच्या आठवड्यात त्यांनी आपला अंदाज मला सांगून ठेवला होता: पंधरा. फार तर सोळा. ते पाण्याखाली गेले, बुडबुडे आले, थांबले, आणि ते एवढा वेळ आत राहिले की मामी दार सोडून पुढे आल्या. बाहेर आल्यावर मामांनी स्वतःच माप घेऊन पाणी ओतलं, स्वतःच आकडे मांडले.

एकोणतीस.

मामा पिंपाशेजारी उकिडवे बसले. कोणी थट्टा केली नाही. टॉवेलनं तोंड पुसत ते म्हणाले, "म्हणजे भरलेला पण आहे आणि सुटलेला पण." दादांचं नाव त्यांनी काढलं नाही, काढायची गरज नव्हती. इतकी वर्षं ज्या अंगाच्या बाजूनं ते भांडले होते, त्या अंगानं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

त्या रविवारचे आकडे आणि चिमट्याची मापं शेजारी मांडून कोष्टक बनलं, आणि मामा कामाला लागले. चाळिशी ओलांडलेला माणूस विशीतल्या पोरांच्या शेजारी उभा राहून वजनं उचलायला लागला. उपास करा, असा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिला, कारण तो सल्ला द्यायला काही लागत नाही. मामांनी तो धुडकावला. "मांस म्हणजे घरातली माणसं आणि चरबी म्हणजे भाडेकरू," ते मला म्हणाले. "भाडेकरू काढायचाय म्हणून घर पाडायचं नसतं. घरच्यांना खायला घालायचं आणि भाडेकरूला कंटाळा आणायचा." घरच्यांचं खाणं म्हणजे उकडलेली अंडी, मोडाचे मूग, सुकट, रविवारी मटण. भाडेकरूच्या वाट्याचे चहातली साखर, फरसाण आणि कारखान्याच्या कँटीनमधले वडे बंद झाले.

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, खिडकीपाशी उभं राहून ते चिमटा लावत. पोटावर, दंडामागे, मांडीवर. दर वेळी जागा तीच हवी म्हणून त्यांनी बॉलपेननं अंगावर ठिपके काढून ठेवले होते, आणि आंघोळीत पुसले की मामींकडून पुन्हा काढून घेत. "माझा नवरा आहे की शिंप्यानं खुणा केलेलं कापड, तेच कळत नाही," मामी म्हणत, पण ठिपके नेमके काढत. आकडा हळूहळू उतरत गेला. एकोणतिसाचे पंचवीस व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. एखाद्या रविवारी तो वर जाई तेव्हा मामा निराश होत नसत. काल काय खाल्लं, पाणी किती प्यायलो, चिमटा सैल झाला का, याच्या मागे लागत. वर गेलेल्या आकड्यावर ते उतरलेल्यापेक्षा जास्त वेळ रमत. मला वाटतं, भीतीनं सुरू केलेल्या कामात त्यांना मध्येच कुठेतरी मौज सापडली होती.

ही मौज त्यांनी इतरांनाही वाटली, कधी न विचारता. व्यायामशाळेत नव्या लोखंडी बारचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे आले. त्यांच्या गळ्यात एवढे हार की पाहुणे कुठे सुरू होतात ते दिसेना. शरीरसंपदा हीच खरी संपदा या विषयावर ते बोलायला लागले. पोटावर हात फिरवत ते म्हणाले, "आम्हीसुद्धा तरुणपणी खूप व्यायाम केलेला आहे. हे जे तुम्हाला दिसतंय, ते सगळं कमावलेलं आहे!" टाळ्या पडल्या. मामा आभार मानायला उठले, पाहुण्यांच्या जवळ गेले आणि सवयीनं हात गेला. हारांच्या खालून घडी सापडायला थोडा वेळ लागला.

"अडतीस," मामा माइकवर म्हणाले. आणि मग खऱ्या आस्थेनं, "साहेब, रविवारी सकाळी या. नीट मोजू."

पाहुण्यांना वाटलं, अडतीस म्हणजे त्यांचं वय सांगितलं. ते एवढे प्रसन्न झाले की शेडच्या पत्र्यासाठी शब्द देऊन गेले. पत्रे आले नाहीत. पण त्या दिवसापासून मामा टक्केमामा झाले.

काही वर्षांत व्यायामशाळेतली पोरं त्यांच्याभोवती जमायला लागली. पूर्वी ती आरशात बघत, आता रविवारी मामांच्या खिडकीपाशी रांग लावत. "मामा, आपला किती झाला?" "सतरा. मागल्या महिन्यात अठरा होता." "बस, एकच?" "एक टक्का म्हणजे काय वाटलं रे तुला? बाजारात मटणवाल्याला सांग, पाऊण किलो नुसती चरबी दे. हातात घेऊन बघ. मग म्हण, बस, एकच." एक पोरगा खरंच गेला, बघून आला, आणि पुढचा आठवडाभर कोणाशी बोलला नाही.

मामांचा स्वतःचा आकडा अठरावर येऊन दोनतीन वर्षं स्थिर राहिला. दंड भरले, चाल हलकी झाली. दादांचं वय आता जवळ येत चाललं होतं; ते कधी बोलत नसत, पण पायरीवर बसायचं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. आणि मग, नव्वद साल उजाडायच्या सुमाराला, आकडा अचानक भरभर उतरायला लागला. सोळा. चौदा. मामा हरखले. काही वेगळं केलेलं नसताना चरबी पळत सुटली होती. "दादांच्या वयाला मी बारावर असणार, सर," ते मला म्हणाले. "बारा! स्टेजवर जाणारी पोरं असतात बारावर."

मामींना ते पटत नव्हतं. नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. सकाळी भरलेला तांब्या दुपारच्या आत रिकामा होत होता, मग दुसरा, मग तिसरा. "तहान एवढी का लागते तुम्हाला?" त्या विचारत. "व्यायाम," मामा सांगत. "थकवा का येतो?" "व्यायाम." एका रविवारी मी तिथे बसलेलो असताना मामांनी चिमटा लावला आणि आनंदानं ओरडले, "तेरा!"

मामी आतून शिवणाची टेप घेऊन आल्या. "दंड पुढे करा."

"दंडाचं काय आता? टक्का बघ ना."

"आधी माप, मग मत," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

मामांनी हात पुढे केला. मामींनी टेप गुंडाळली, आकडा वाचला नाही, नुसतं बोट धरून ठेवलं आणि मामांना बघू दिलं. मामांनी बघितलं. मग दुसरा दंड. मग मांडी. गेल्या सहा वर्षांत उभं केलेलं सगळं उतरलं होतं. चरबी जात होती हे खरं, पण मांसही तिच्या मागोमाग जात होतं, आणि मामा फक्त जाणाऱ्या भाडेकरूकडे बघून टाळ्या वाजवत होते. कारखान्यात नापास भाग बाजूला काढताना त्यांचा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"लाल ठिपका," ते म्हणाले. आणि शर्ट चढवून, चहा न घेता, दवाखान्यात गेले.

साखर निघाली. भरमसाट. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं उशिरा आला असता तर चालत आला नसता. मामांना औषधं सुरू झाली, पथ्य सुरू झालं. मामा त्यांना म्हणाले, "चिमटा खोटं बोलला नाही, डॉक्टर. मीच त्याला एकच प्रश्न विचारत होतो." त्यानंतर रविवारी चिमट्याबरोबर टेपही निघायला लागली आणि काट्यावरचं वजनही. तीन आकडे शेजारी शेजारी मांडून मामा ते तपासत, आणि तिघं एकमेकांशी सहमत नसतील तर तिघांचीही उलटतपासणी घेत. काही महिन्यांनी टक्का सोळावर चढला. मामींनी त्या दिवशी सुकटीचं कालवण केलं. टक्का वाढला म्हणून घरात आनंद झाल्याची ती पहिलीच वेळ.

त्याच्या पुढच्या वर्षी मामांनी बदलापूरला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. तिकडे तेव्हा नव्या इमारती उठायला लागल्या होत्या. सामान न्यायच्या दिवशी टेम्पो आला; चाळीतल्या पोरांनी कपाट, पलंग, भांड्यांच्या गोण्या चढवल्या. खोली रिकामी झाली. भिंतीवर फक्त दादांचा फोटो राहिला होता, हार वाळलेला. तो मामांनी कोणाला काढू दिला नव्हता. स्टूल टेम्पोत गेलं होतं, म्हणून ते टाचा उंचावून उभे राहिले, फोटो खिळ्यावरून काढला, हार सोडवला आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसली. मग दोन्ही हातांत धरून आपल्या डोळ्यांसमोर आणला. दोघांचे चेहरे इतके सारखे होते की मला बाहेर जावंसं वाटलं, आणि गेलो नाही.

"तू किती टक्के होतास रे?" मामांनी विचारलं.

मामी दारात होत्या. त्या दचकल्या. "अहो, काय हे? जन्मभर अहो दादा, अहो दादा केलंत, आणि आज अरे-तुरे?"

"मागच्या महिन्यात झालो मी त्याच्यापेक्षा मोठा," मामा फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "दिवस मोजलेत."

मामींनी पदरानं काचेवर राहिलेला एक डाग पुसला, जो मला तरी दिसत नव्हता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. व्यायामशाळेतली पोरं मागच्या फळीवर चढून बसली होती आणि मामा दर वेळेसारखे त्यांच्यातच उडी मारून बसणार हे धरून त्यांनी जागा ठेवली होती.

"मग आता मोठ्या माणसासारखे पुढे बसा," मामी म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या शेजारी. पोरांबरोबर मागे लोंबकळायचं नाही."

मामांनी मान हलवली. ते खाली उतरले, पुढचं दार उघडलं, आधी मामींना बसवलं आणि मग फोटो मांडीवर उभा धरून, त्याचं तोंड रस्त्याकडे करून, स्वतः बसले.